एनएफएल सामन्याचा डाव आधीच कसा मांडावा: काय रोखायचं आणि काय सोडून द्यायचं

अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या सामन्याआधी टीव्हीवर जी चर्चा चालते, तिचं सार बहुतेकदा असं निघतं: समोरच्या क्वार्टरबॅकवर (पास टाकणाऱ्यावर) दबाव टाका, त्यांच्या रनिंग बॅकला (चेंडू घेऊन पळणाऱ्याला) रोखा, चेंडू गमावू नका. यात चूक काहीच नाही आणि उपयोगही फारसा नाही. मैदान १०० यार्ड लांब, ५३ यार्डांहून किंचित जास्त रुंद, आणि बचावाला माणसं ११. सगळं झाकता येत नाही. म्हणून डाव आखायला बसलेल्या कोचला सगळ्यात आधी हे ठरवावं लागतं की आज समोरच्याला काय घेऊ द्यायचं. कबड्डीत चढाईपटूला बोनस देऊन टाकतात, पण तिघांना बाद करून परत जाऊ देत नाहीत, तसाच हा हिशेब.

२७ जानेवारी १९९१ चा सुपर बोल, म्हणजे एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा अंतिम सामना, घ्या. बफलो बिल्सनी आधीच्या सामन्यात रेडर्सवर ५१ गुण चढवले होते. न्यूयॉर्क जायंट्सचे बचावाचे कोच बिल बेलिचिक यांनी आपल्या खेळाडूंना सांगितलं, की बिल्सचा रनिंग बॅक थर्मन थॉमस शंभर यार्डांच्या वर पळाला तर आपण जिंकू. ऐकणाऱ्यांना हे वेड वाटलं, कारण जायंट्सच्या बचावाला धाव रोखण्याचाच अभिमान होता. बेलिचिकनी पुढच्या फळीतली माणसं कमी केली, मागे पास झाकायला वाढवली. थॉमस १३५ यार्ड पळाला. जायंट्सच्या ऑफेन्सनं (आक्रमणाच्या फळीनं) चेंडू ४० मिनिटांहून जास्त वेळ स्वतःकडे ठेवला आणि सामना २०-१९ असा जिंकला. शेवटी बिल्सची ४७ यार्डांवरून मारलेली किक उजवीकडून बाहेर गेली, ती आत गेली असती तर हाच डाव मूर्खपणाचा ठरला असता, हेही खरं. पण ती आखणी आज कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये जपून ठेवली आहे.

पुढची रीत कागद-पेन घेऊन बसणाऱ्या प्रेक्षकासाठी आहे. उदाहरण म्हणून ९ फेब्रुवारी २०२५ ला न्यू ऑर्लिन्सला झालेला ५९ वा सुपर बोल घेतो, फिलाडेल्फिया ईगल्स विरुद्ध कॅन्सस सिटी चीफ्स. निकाल लागलेला सामना मुद्दाम निवडला, म्हणजे आखणी आणि निकाल शेजारी ठेवून पाहता येतात. येत्या रविवारी तुमच्या आवडीच्या संघाचा जो सामना असेल, त्याला हीच रीत लावा.

सोमवार-मंगळवार: फिल्म बघा, पण चेंडू बघू नका

समोरच्या संघाचे शेवटचे तीन-चार सामने पुरे होतात. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे पळतो, त्यामुळे सेफ्टी (बचावात सगळ्यात मागे उभे असणारे) आणि दूरचे रिसीव्हर (पास झेलणारे) चौकटीबाहेर राहतात. सगळे बावीस खेळाडू दिसणारी कोचेसची फिल्म मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तरी एक युक्ती चालते: चेंडू उचलला जायच्या क्षणाला व्हिडिओ थांबवायचा आणि दोन गोष्टी मोजायच्या.

पहिली, ऑफेन्समध्ये कोण उभं आहे. पाच लाइनमन आणि क्वार्टरबॅक हे ठरलेलेच. उरलेल्या पाचांत रनिंग बॅक किती आणि टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि पासही झेलणारा) किती, यावरून दोन आकडी नाव पडतं. एक बॅक, एक टाइट एंड आणि तीन रिसीव्हर असले की ‘११’. एक बॅक, दोन टाइट एंड असले की ‘१२’. कुठला संघ ‘१२’ मधून पळतो आणि कुठला त्याच मांडणीतून लांब पास टाकतो, हे चार सामन्यांत स्पष्ट दिसतं.

दुसरी, बचावात खोलवर किती सेफ्टी आहेत. दोन असले तर लांब पासची भीती जास्त आहे आणि पुढे माणसं कमी आहेत, म्हणजे धावायला जागा. एकच असला तर उलट. चांगले बचाव इथेच फसवतात: आधी दोन दाखवायचे आणि चेंडू निघाला की एक खाली उतरवायचा. म्हणून चेंडू निघाल्यानंतर दोन सेकंदांनी पुन्हा थांबवून मोजायचं.

त्यानंतर मोशनकडे लक्ष द्या. चेंडू निघायच्या आधी एखादा रिसीव्हर आडवा पळत गेला आणि बचावाचा एक जण त्याच्या मागे मागे गेला, तर बहुधा मॅन कव्हरेज, म्हणजे प्रत्येकाला एक ठरलेला माणूस. कोणी हललं नाही, नुसते सरकले, तर झोन, म्हणजे प्रत्येकाला एक ठरलेली जागा. हे माहीत असलेल्या संघानं काय केलं ते ५७ व्या सुपर बोलमध्ये, फेब्रुवारी २०२३ मध्ये, याच दोन संघांत दिसलं. चीफ्सच्या कोचेसना ईगल्स-जॅक्सनविल सामन्याच्या फिल्ममध्ये एक फट सापडली होती: गोललाइनजवळ रिसीव्हर आत पळू लागला की ईगल्सचे कॉर्नर (कडेच्या रिसीव्हरला झाकणारे) तो पलीकडे जाणार असं धरून जागा बदलत. चीफ्सनी चौथ्या क्वार्टरमध्ये रिसीव्हरला आत पळवलं, अर्ध्यातून उलट वळवलं आणि मोकळ्या कोपऱ्यात टचडाऊन (चेंडू गोललाइनपलीकडे, सहा गुण) घेतलं. थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूला तोच प्रकार, पुन्हा टचडाऊन, दोन्ही वेळा आसपास चिटपाखरू नाही. सामना ३८-३५ असा गेला. ही फट सापडली कुठे, तर ईगल्सनी जिंकलेल्या, चार महिने जुन्या सामन्यात. तेव्हा नुसती हार पाहू नका, जिंकलेले सामनेही पाहा.

याच हंगामात दोघे आधी भिडले असतील तर तो सामना दोनदा पाहा. नोव्हेंबर २०२० मध्ये चीफ्सचा रिसीव्हर टायरीक हिलनं टँपा बेविरुद्ध एकट्या पहिल्या क्वार्टरमध्ये २०० यार्डांहून जास्त पास झेलले होते. फेब्रुवारीत सुपर बोलला तेच संघ समोर आले, तेव्हा टँपाच्या बचावाचे कोच टॉड बोल्स यांनी दोन सेफ्टी खोल ठेवले, ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जास्तीचा माणूस सोडणं) जवळपास बंद केला, आणि चीफ्सना एकही टचडाऊन मिळालं नाही. निकाल ३१-९. आधीच्या सामन्यात जे दुखलं, ते कोच पहिल्यांदा झाकणार, हे गृहीत धरा. मग कागदावर लिहा: ते झाकायला गेला तर उघडं काय पडेल?

बुधवार ते शुक्रवार: दुखापतींची यादी

रविवारच्या सामन्यासाठी बुधवार, गुरुवार, शुक्रवार अशी तीन दिवस यादी येते. कोणी पूर्ण सराव केला, कोणी अर्धा, कोणी अजिबात नाही. शुक्रवारी ‘क्वेश्चनेबल’, ‘डाउटफुल’, ‘आऊट’ असे शिक्के लागतात. बहुतेक जण या यादीत प्रसिद्ध नावं शोधतात. मी आधी ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे क्वार्टरबॅकला राखणारी पुढची फळी, वाचतो. एक तारांकित रिसीव्हर नसला तर एक वाट बंद होते. लेफ्ट टॅकल (त्या फळीचं डावं टोक सांभाळणारा) नसला तर क्वार्टरबॅकला कुठलीच वाट धड पाहता येत नाही.

उदाहरण आपल्याच सामन्यातलं. चीफ्सना त्या हंगामात लेफ्ट टॅकलच्या जागी कोणीच टिकेना. शेवटी डिसेंबरमध्ये त्यांनी जो थुनी या आपल्या उत्तम लेफ्ट गार्डला (टॅकलच्या आतल्या बाजूला उभा राहणाऱ्याला) टॅकलवर उभं केलं. एक भोक बुजवलं, पण गार्डची जागा कच्ची झाली. १५ सामने जिंकून, दोन हरून, लागोपाठ तिसऱ्या विजेतेपदासाठी आलेल्या संघाची ही खरी दुखरी नस होती, आणि ती यादीत ‘दुखापत’ म्हणून दिसतच नव्हती. म्हणून यादीसोबत हेही बघा की कोण आपली नेहमीची जागा सोडून खेळतोय.

शुक्रवार रात्र: एक ओळ लिहा

आता मुख्य काम. कागदाच्या डोक्यावर एकच वाक्य लिहायचं: ‘आम्ही अमुक काढून घेऊ, त्यासाठी तमुक देऊ.’ दुसरा अर्धा भाग लिहिता आला नाही तर पहिल्याला काही अर्थ नाही. लिहिता आला की पुढचा प्रश्न: दिलेलं परवडेल का?

ईगल्सच्या बचावाचे कोच विक फँजिओ यांचं वाक्य निकालावरून असं वाचता येतं: लांब पास काढून घेऊ, ब्लिट्झ सोडून देऊ. ब्लिट्झ म्हणजे नेहमीच्या चौघांव्यतिरिक्त जास्तीचा माणूस क्वार्टरबॅकवर सोडणं. चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सला ते आवडतं, कारण जो माणूस अंगावर आला त्यानं सोडलेली जागा त्याला लगेच दिसते आणि चेंडू तिथे जातो. फँजिओंनी महोम्स पास टाकायला मागे गेला त्या ४२ वेळांत एकदाही ब्लिट्झ केला नाही. चौघे पुढे, सात मागे. त्या कच्च्या लाइनवर चौघेच पुरे पडले: सहा सॅक (पास निघायच्या आधीच क्वार्टरबॅकला पाडणं), त्यातले अडीच जॉश स्वेटचे आणि दोन मिल्टन विल्यम्सचे. मध्यंतराला २४-० आणि चीफ्सचे पहिल्या अर्ध्यातले एकूण यार्ड २३.

इथे एक सावधगिरी. चौघांनी काम भागतं हे ईगल्सना आधीच माहीत होतं असं समजू नका. २०२२ च्या हंगामात त्यांच्या नावावर ७० सॅक होते, आणि त्याच्या शेवटच्या सुपर बोलमध्ये याच चीफ्सविरुद्ध शून्य. त्या वेळी थुनी आपल्या हक्काच्या गार्डच्या जागेवर होता. डाव तुमच्या ताकदीवर जितका ठरतो, तितकाच समोरच्या त्या आठवड्याच्या अवस्थेवर.

आता दुसरी बाजू. चीफ्सच्या बचावाचे कोच स्टीव्ह स्पॅग्नोलो यांच्यासमोर ईगल्सचा रनिंग बॅक साक्वॉन बार्कली होता, नियमित हंगामात २,००५ यार्ड पळालेला. त्यांनी त्याला रोखायचं ठरवलं, आणि रोखलंही: २५ वेळा चेंडू हातात, फक्त ५७ यार्ड. नुसतं एवढंच वाचलं तर चीफ्स जिंकले असं वाटेल. पण त्यासाठी जे दिलं ते ईगल्सचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सनं उचललं: २२ पैकी १७ पास पूर्ण, २२१ यार्ड, वर स्वतः पळून ७२. निकाल ४०-२२. स्पॅग्नोलोंचं वाक्य कागदावर चुकीचं नव्हतं, कारण हर्ट्सला पास टाकायला लावणं हा धोका बऱ्याच जणांनी पत्करला असता. मला मात्र दोन तगडे रिसीव्हर समोर असताना ती देणगी महाग वाटते.

वाक्य तपासायची सोपी कसोटी: दिलेली गोष्ट एका खेळीत टचडाऊन होते का? होत असेल तर वाक्य बदला. चार-पाच यार्डांच्या धावा, छोटे पास, हे देण्याजोगं असतं, कारण तसं ८० यार्ड जायला दहा-बारा खेळ्या लागतात आणि तेवढ्यात एक पेनल्टी, एक सॅक किंवा एक सुटलेला चेंडू पुरतो.

पहिल्या पंधरा खेळ्या

कोच बिल वॉल्श यांनी सिनसिनाटीत सहायक असताना सुरुवातीच्या खेळ्या आधीच लिहून ठेवायची सवय लावून घेतली आणि सॅन फ्रान्सिस्कोला ती पंचविसांपर्यंत नेली. आज जवळपास सगळे कोच हे करतात. अनेकांना वाटतं, यादी लवकर गुण मिळवण्यासाठी असते. त्याहून जास्त ती प्रश्न विचारण्यासाठी असते: ‘१२’ मांडणी दाखवली तर ते कोणाला आत आणतात? रिसीव्हर आडवा नेला तर कोण मागे येतो? पहिल्या दोन ड्राइव्हमध्ये (चेंडू हाती असतानाच्या सलग खेळ्यांत) उत्तरं मिळतात, वरच्या मजल्यावर बसलेले सहायक ती टिपून घेतात, आणि दुसऱ्या अर्ध्यात त्याच मांडणीतून वेगळी खेळी निघते.

तुम्ही पंधरा लिहू नका, सहा लिहा. प्रत्येकीपुढे तिचा प्रश्न लिहा. ज्या खेळीला प्रश्न नाही ती खोडा. यादी फक्त पहिल्या आणि दुसऱ्या डाऊनची ठेवा (डाऊन म्हणजे दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी एक). तिसऱ्या डाऊनला यादीत पुढचं काय आहे ते बघून चालत नाही, किती यार्ड हवेत ते बघावं लागतं.

तिसरा डाऊन आणि शेवटचे वीस यार्ड

तिसऱ्या डाऊनचे तीन कप्पे करा: दोनपर्यंत, तीन ते सहा, सात आणि पुढे. मधल्या कप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण तिथे धाव आणि पास दोन्ही शक्य असतात. सात-आठच्या पुढे बचावाला सगळं माहीत असतं. तिथे वारंवार पोचत असाल तर दुखणं पहिल्या डाऊनचं आहे. ईगल्सकडे दोनपर्यंतच्या कप्प्यासाठी हर्ट्सला मागून ढकलायची त्यांची ती कुप्रसिद्ध खेळी होती. त्या रात्रीचं पहिलं टचडाऊन त्यातूनच आलं.

वीस यार्डांच्या आत मैदान आखडतं. लांब पासची भीती संपते, सेफ्टी पुढे येतात, आणि मैदानाच्या मध्यात हमखास चालणाऱ्या खेळ्या इथे अडकतात. म्हणून इथली यादी वेगळी लिहा, आणि समोरच्याची इथली आवडती मांडणी पाठ करा. १ फेब्रुवारी २०१५ ला सिएटल सीहॉक्स शेवटच्या मिनिटाला एका यार्डावर होते. न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलर या नवख्या कॉर्नरनं एकामागे एक उभे असलेले दोन रिसीव्हर पाहिले आणि पास निघायच्या आधीच धाव घेतली. त्याच आठवड्यात सरावात राखीव खेळाडूंनी सिएटलची हीच खेळी करून दाखवली होती, आणि तेव्हा बटलर उशिरा पोचला होता. सामना २८-२४ असा वाचला.

शांत डोक्यानं आधीच घ्यायचे निर्णय

चौथा डाऊन, दोन गुणांचा प्रयत्न, टाइमआऊट, ओव्हरटाइम. हे चारही शनिवारीच ठरवा. रविवारी ७० हजार लोक ओरडत असताना गणित होत नाही.

दोन गुणांचं एक गणित बहुतेकांना पटत नाही, म्हणून ते मांडतो. शेवटच्या क्वार्टरमध्ये तुम्ही १४ नी मागे आहात आणि टचडाऊन झालं. आता ८ नी मागे. एका गुणाची किक मारायची की गोललाइनजवळून एक खेळी करून दोन गुणांना जायचं? दोन गुणांचा प्रयत्न साधारण निम्म्या वेळा साधतो असं धरा, आणि पुढे आणखी एक टचडाऊन मिळणारच आहे असंही धरा, कारण नाही मिळालं तर कशाचाच उपयोग नाही. आत्ता दोन साधले, तर पुढच्या टचडाऊननंतरची साधी किक सामना जिंकून देते: ५० टक्के. आत्ता चुकले, तर पुढच्या वेळी पुन्हा दोनला जाऊन बरोबरी साधता येते: २५ टक्के, त्यातला अर्धा ओव्हरटाइम तुमचा. एकूण साडेबासष्ट. दोन्ही वेळा किक मारली तर ओव्हरटाइम, म्हणजे ५० टक्के. तरीही कोच किक मारतात, कारण दोनचा प्रयत्न आत्ता फसला तर सगळे त्यालाच धरतात.

ओव्हरटाइमचं महत्त्व फेब्रुवारी २०२४ मध्ये लास वेगासला दिसलं. प्लेऑफसाठी २०२२ मध्ये आलेला नियम दोन्ही संघांना ताबा देतो. सॅन फ्रान्सिस्कोनं नाणेफेक जिंकून चेंडू आधी घेतला आणि फील्ड गोल (तीन गुणांची किक) केला. आपल्याला किती हवंय हे चीफ्सना त्यामुळे नेमकं माहीत होतं. चौथ्या डाऊनला धोका पत्करायला ते मोकळे होते. ते २५-२२ जिंकले. सॅन फ्रान्सिस्कोच्या काही खेळाडूंनी नंतर सांगितलं, की नियम बदललाय हे त्यांना ठाऊक नव्हतं. चीफ्सनी त्याची चर्चा उन्हाळ्याच्या शिबिरापासून केली होती. दोघांची बरोबरी राहिली तर तिसरा ताबा आपल्याला मिळावा, हा कोच काइल शॅनहन यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. पण संघाला नियम न सांगणं याला युक्तिवाद नाही.

घड्याळाचं एकच लक्षात ठेवा. खेळींमधलं घड्याळ ४० सेकंदांचं असतं. पुढे असलेल्या संघाकडे चेंडू आहे, समोरच्याकडे टाइमआऊट उरले नाहीत, तर तीनदा गुडघा टेकून (खेळी तिथेच संपते, सामन्याचं घड्याळ चालू राहतं) जवळपास दोन मिनिटं संपवता येतात. म्हणून तिसऱ्या क्वार्टरमध्ये गोंधळून उडवलेला टाइमआऊट सामन्याच्या शेवटी फार महाग पडतो.

रविवार

सामन्याच्या ९० मिनिटं आधी न खेळणाऱ्यांची अंतिम यादी लागते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी एकचा सामना महाराष्ट्रात रात्री साडेदहाला सुरू होतो आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेअकराला, तेव्हा ही यादी जेवण उरकून निवांत वाचता येते. हवामान पाहताना पावसाला किंवा बर्फाला घाबरू नका, वारा पाहा. बर्फात रिसीव्हरला आपण कुठे वळणार हे माहीत असतं आणि कॉर्नरला नसतं. जोरदार वारा मात्र लांब पास आणि किक दोन्ही बिघडवतो. छप्पर असलेलं स्टेडियम असेल तर हा रकानाच खोडा.

पहिल्या दोन ड्राइव्हमध्ये स्कोअर पाहू नका. डोक्यावरचं ते वाक्य घ्या आणि तपासा: समोरचे तुम्ही देऊ केलेलं घेताहेत का? घेत असतील आणि गुण होत नसतील, तर हात लावू नका, प्रेक्षक कितीही कुरकुरले तरी. त्यांनी ते नाकारून तुम्ही झाकलेल्या जागेतूनच यार्ड काढले, तर वाक्याचा पहिला अर्धा भाग मोडला आहे आणि मध्यंतराची वाट पाहायची नाही. मध्यंतर एरवी तेरा मिनिटांचं असतं. कपडे, पाणी, पट्ट्या यांतून कोचच्या हाती जेमतेम काही मिनिटं उरतात. तेवढ्यात नवा डाव आखून होत नाही, आधी लिहिलेला दुसरा काढता येतो. म्हणून शुक्रवारीच कागदाच्या मागच्या बाजूला दुसरं वाक्य लिहून ठेवायचं, ज्यात दिलेली गोष्ट वेगळी असेल.